ओखल्याच्या रांगेत

मिरजेहून दिल्लीला जायचे तर गोवा एक्सप्रेससारखी दुसरी सोय नाही. वास्कोहून निघालेली गाडी रात्री मिरजेला येते आणि पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी, आग्रा करत तिसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीनला सोडते. डिसेंबरात उत्तरेकडे धुके असते, म्हणून ती सकाळ कधी दुपारही होते. आम्ही चौघे निघालो होतो: आम्ही नवरा-बायको, आमचा नववीतला मुलगा आणि आमचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी गल्ली भाईजान म्हणते. भाभींना यायचे होते, पण गुडघ्याने साथ दिली नाही. त्यांनी शेंगदाण्याची चटणी, लोणचे आणि मुलीसाठी दोन स्वेटर बांधून दिले.

सामानात एक पत्र्याची पेटीही होती. वजन बरेच. पुण्याच्या पुढे वरच्या बर्थवाल्याने विचारले, "चाचा, दागिने आहेत का?" भाईजान म्हणाले, "कॉमिक्स आहेत." त्यानंतर त्याने काही विचारले नाही.

पेटीची गोष्ट आधी सांगायला हवी. भाईजान पेंटर. म्हणजे पाट्या रंगवणारे. मिरजेत सतारमेकर गल्लीपासून स्टेशन रोडपर्यंत एके काळी दर दहा दुकानांतल्या दोनतीन पाट्या त्यांच्या हातच्या असत. खडूची दोरी ताणून रेघ मारायची, मनगटाखाली काठी टेकवायची आणि ऑइल पेंटने एका दमात 'श्री' किंवा 'न्यू' ओढायचे. शटर, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, लग्नाचे बोर्ड, सगळे केले. मग फ्लेक्स आले. सकाळी फोटो द्यायचा, संध्याकाळी दहा फूट लांब बोर्ड घेऊन जायचे. दोन-तीन वर्षांत कामे इतकी आटली की भाईजानांनी दुकान भाड्याने दिले. आता ते तिथेच बाजूला बसून गाड्यांच्या नंबर प्लेटा करतात.

हा हात तयार कुठे झाला, तर स्टेशनवरच्या कॉमिक्सवर. मिरज जंक्शन. गाड्या बदलणारे प्रवासी वाचून झालेली पुस्तके बाकावर टाकून जात. शिवाय बाजारात भाड्याने कॉमिक्स देणारा एक दुकानदार होता, दिवसाला पन्नास पैसे. मराठीतून इंद्रजाल कॉमिक्स यायचे, त्यात वेताळ आणि मँड्रेक. त्यांच्याच सोबत 1976 पासून आबिद सुरती यांचा 'बहादुर' आला. आबिदसाहेबांचे नाव मुखपृष्ठाच्या आत वाचल्यावर अम्मींना झालेला आनंद आम्हाला आठवतो: आपल्यातलाही कोणी हे करतो! पण भाईजानांचा जीव जडला तो हिंदीतल्या राज कॉमिक्सवर, आणि त्यातही एकावर. सुपर कमांडो ध्रुव.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल 1987 मध्ये 'प्रतिशोध की ज्वाला' या अंकातून ध्रुव आला. सर्कशीत वाढलेला पोरगा, आईबाप सर्कशीच्या आगीत गेलेले, राजनगर नावाच्या शहरात राहणारा. त्याच्याकडे आकाशात उडण्याची वगैरे काही शक्ती नाही. पक्षी-प्राण्यांशी बोलता येते, बाकी सगळे डोक्याने आणि अंगमेहनतीने. बुटांत स्केट्स, पट्ट्यावर तारा, खाली मोटरसायकल. लिहिणारे आणि काढणारे एकच, अनुपम सिन्हा. त्याच कंपनीचा नागराज वर्षभर आधी आला होता. त्याचे सुरुवातीचे अंक काढणारे प्रताप मुळीक हे तर अमर चित्र कथेमुळे आपल्याकडच्या पोरांना आधीपासून ओळखीचे. पण भाईजान म्हणायचे, नागराजला विष आहे, ध्रुवला काय आहे? काहीच नाही. म्हणून तो आपला.

आमच्या मरहूम अब्बांना हे पटत नसे. घरात जिवंत माणसाचे चित्र नको, हा त्यांचा नेम होता. भिंतीवर कॅलेंडर लागायचे ते फक्त तारखांचे. पोराने अक्षरे रंगवावीत, नक्षी काढावी, पण चेहरे कशाला? भाईजान कॉमिक्स पलंगाखाली ठेवायचे आणि बॉलपेनने चेहरे काढायचे ते पुस्तकाच्याच आतल्या कोऱ्या बाजूला, म्हणजे वेगळा कागद सापडायला नको. एकदा अब्बांनी अर्धा गठ्ठा रद्दीत दिला. भाईजानांनी तो रद्दीवाल्याकडून पाटी रंगवून देण्याच्या बोलीवर परत आणला, अब्बांना कळले नाही. अब्बा चुकीचे होते की भाईजान, हा वाद आमच्यासारख्या अनेक घरांत अजून चालतो. आम्ही तो इथे मिटवायला बसलेलो नाही. एवढे मात्र खरे की, पुढे पाटीच्या पैशांतूनच अब्बांचे औषधपाणी झाले.

आता खरे कारण. भाईजानांची मुलगी, आमची पुतणी, दीड वर्षापूर्वी दिल्लीला जामिया मिल्लिया इस्लामियात चित्रकला शिकायला गेली. भाईजानांचा ठाम विरोध होता. अब्बांच्या कारणाने नव्हे, त्यांचे कारण वेगळे होते. "चित्राने पोट भरत नाही, हे माझ्याकडे बघून कळत नाही का?" एवढे एकच वाक्य ते बोलले आणि पुढे दीड वर्ष मुलीशी फोनवर सलाम आणि खुशालीपलीकडे बोलले नाहीत. फी आमच्या हातून जायची. ईदला ती आली तेव्हाही बापलेक एकाच दस्तरख्वानावर बसून मीठ-भाकरीपुरते बोलले.

तिनेच आमच्या मुलाला कळवले की दिल्लीच्या कॉमिक कॉनला अनुपम सिन्हा येणार आहेत, सह्या देणार आहेत. मुलाने ते जेवताना मोठ्याने सांगितले. भाईजान काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माळ्यावरून पेटी खाली आली.

दिल्लीला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. निजामुद्दीनहून जामिया नगर रिक्षाने फार लांब नाही. पुतणी बाटला हाउसच्या एका अरुंद इमारतीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. आमची सोय तिने शेजारच्या घरात केली होती. हवेत धूर, अंगावर रजई आणि खाली झाकिर नगरच्या गल्लीतून निहारीचा वास. आमच्या मुलाने पहिल्याच दिवशी जाहीर केले की तोही जामियातच शिकणार. विषय नंतर ठरवेल.

संध्याकाळी तिने जामिया दाखवली. ही संस्था 1920 मध्ये अलीगढला सुरू झाली, 1925 मध्ये दिल्लीला करोल बागेत आली आणि मग इथे ओखल्याला. इथल्या पहिल्या इमारतीची पायाभरणी 1935 मध्ये कोणा पुढाऱ्याच्या हातून न करता सगळ्यांत लहान विद्यार्थ्याच्या हातून करून घेतली, हे ऐकून आमच्या मुलाच्या अम्मी तिथेच थांबल्या. म्हणाल्या, असे आपल्याकडच्या शाळांनीही करावे. पुढे एम. एफ. हुसेन यांच्या नावाची कलादालनाची इमारत लागते. पुतणी म्हणाली, "अब्बू, हुसेनसाहेब आपल्या पंढरपूरचे. मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवायचे." पंढरपूर म्हणजे आमच्या मिरज-कुर्डुवाडी लाइनवरचे गाव. भाईजानांनी दालनाच्या नावाची अक्षरे बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "अक्षरांमधली जागा सारखी नाही." बस. पण दीड वर्षात मुलीच्या कामाच्या जवळपास जाईल असे हे त्यांचे पहिले वाक्य होते, म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. जामिया मिल्लिया इस्लामिया स्टेशनातून मजेंटा लाइनची मेट्रो पकडायची, मध्ये सुखदेव विहार, की लगेच ओखला एनएसआयसी. जेवण घरूनच करून निघालो, कारण आत काय मिळेल आणि ते आपल्याला चालेल का, या चौकशीत वेळ घालवायचा नव्हता. एनएसआयसी म्हणजे राष्ट्रीय लघुउद्योग निगम. छोट्या कारागिरांच्या, यंत्रांच्या प्रदर्शनांसाठी असलेले हे मैदान. भाईजान पाटी वाचून म्हणाले, "लघुउद्योग. मग बरोबर ठिकाणी आलो."

भारतात कॉमिक कॉन 2011 च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटला सुरू झाले. अमेरिकेत सॅन दिएगोला 1970 पासून भरते, फ्रान्समधल्या आंगुलेमला 1974 पासून. फ्रान्समध्ये तर चित्रकार नुसती सही करत नाहीत, प्रत्येकाच्या पुस्तकात छोटेसे चित्र काढून देतात आणि लोक त्यासाठी तासन्‌तास उभे राहतात. हे सगळे पुतणीने मेट्रोत सांगितले, आमच्याकडे तोंड करून, पण जरा मोठ्या आवाजात, म्हणजे पलीकडे बसलेल्यांना ऐकू जावे.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास आम्ही बावरलेलो होतो. मनगटाला कागदी पट्टा, कानाला लाउडस्पीकर, आणि चहूकडे वेश केलेली पोरे. कोणी बॅटमॅन, कोणी जपानी तलवारवाला, कोणी पुठ्ठ्याचे चिलखत घालून घामाघूम झालेला, डिसेंबर असूनही. मुलींचे काही पोशाख पाहून मुलाच्या अम्मींनी मुलाचे तोंड दुसरीकडे वळवले. दुसरीकडेही तेच होते. मग आम्ही नाद सोडला. खरे सांगायचे तर कॉमिक्सच्या नावाने भरलेल्या या मेळ्यात टी-शर्ट, मग आणि खेळणी जास्त, पुस्तके कमी. ज्यांना पुस्तकांसाठी जायचे आहे त्यांनी आत शिरताच डावे-उजवे न पाहता प्रकाशकांच्या आणि चित्रकारांच्या टेबलांकडे जावे. तिथे गर्दी निराळी असते. चाळिशीतले, पोट सुटलेले, पाठीवर सॅक घेतलेले बाप. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले पिवळे पडलेले अंक. भाईजानांना पाहून एकाने पेटीकडे बोट दाखवले आणि नुसती मान डोलावली. पेटीची ओळख तिथे सगळ्यांना होती.

सहीचेही एक शास्त्र असते. जुन्या अंकांचा कागद वर्तमानपत्रासारखा, शाई पिणारा. जाड मार्करने सही घेतली तर ती मागच्या पानावर उतरते. बॉलपेन जोराने दाबले तर कागद फाटतो. गुळगुळीत मुखपृष्ठावर साधी शाई पुसली जाते. म्हणून पुतणीने बारीक टोकाचे, न पुसणारे पेन आणि पानाखाली ठेवायला जाड कार्डबोर्ड आणला होता. सही कुठे घ्यायची हेही आधी ठरवावे. चेहऱ्यावर नको, रिकाम्या जागी घ्यावी. आणि सहीबरोबर नाव घालून घ्यायचे की नाही? नाव घातले की पुस्तक तुमचे झाले, मग ते विकणाऱ्याच्या कामाचे राहत नाही. रांगेत असे विकणारेही असतात. आमच्या पुढच्या एका तरुणाने 'प्रतिशोध की ज्वाला'चा अंक पाहून भाईजानांना जी किंमत सांगितली ती आम्हा चौघांच्या येण्या-जाण्याच्या तिकिटांपेक्षा जास्त होती. भाईजानांनी अंक परत पिशवीत घातला. तरुणाने आकडा वाढवला. भाईजान म्हणाले, "बेटा, रद्दीवाल्याने पण एवढा छळला नव्हता."

नियम होता माणशी दोन पुस्तके. आम्ही पाच, म्हणजे दहा. पेटीत साठाच्या वर. मग रांगेतच, जमिनीवर पेटी उघडून, निवड सुरू झाली. 'रोमन हत्यारा' तर घ्यायचाच. 'ग्रैंड मास्टर रोबो' घ्यायचा. 'महामानव' मुलाला हवा होता. भाईजान एकेक अंक उचलत, पुसत, बाजूला ठेवत. तेव्हा पुतणीने पहिल्यांदा आतली पाने पाहिली. मुखपृष्ठाच्या मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या बॉलपेनने काढलेले ध्रुवचे चेहरे, मुठी, पळते पाय. एका हाताला सहा बोटे. खाली तारीख आणि मिरज. तिला हे माहीतच नव्हते. भाईजानांनी कधी दाखवलेच नव्हते. ती काही बोलली नाही, एकेक पान उलटत राहिली. भाईजान म्हणाले, "ते बघू नकोस. हात कच्चा होता."

रांग सरकेना. मध्येच कळले की चित्रकारांचे मंचावर बोलणे आहे, तासाभराने पुन्हा सह्या सुरू होतील. जोहर घरून पढून निघालो होतो, पण आता असरची वेळ झाली. मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या पलीकडे, आम्ही पुरुष मंडळी आळीपाळीने चादर टाकून नमाज पढून आलो. भाईजान गेले तेव्हा नेमकी रांग सरकली. त्यांची जागा धरून ठेवली ती स्पायडरमॅनच्या वेशातल्या एका पोराने. मागच्यांनी ओरडा केला तर तो तोंडावरचा मुखवटा वर करून सांगत होता, "अंकल नमाज़ पढ़ने गए हैं, आ रहे हैं." भाईजान आले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो मुखवटा खाली ओढून परत आपल्या मित्रांत गेला. त्याचे नाव विचारायचे राहिले.

टेबलाजवळ पोहोचायच्या आधी एक स्वयंसेवक मुलगी प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी देत होती. नाव घालून हवे असेल तर ते चिठ्ठीवर लिहा, म्हणजे चूक होणार नाही. आमच्या मुलाने आपले नाव खरडले. भाईजानांनी पेन हातात घेतले, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि पाटी रंगवतात तशी अक्षरे काढली. शिरोरेषा एका ओढीत, खाली सारख्या जाडीचे पाय, शेवटच्या अक्षराला हलकीशी झोकदार शेपटी. स्वयंसेवक मुलीने चिठ्ठी शेजारच्या मैत्रिणीला दाखवली. आम्ही वाकून वाचली. त्यांनी स्वतःचे नाव लिहिलेले नव्हते. पुतणीचे होते.

टेबलासमोर आमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे आली असतील. एवढ्या वर्षांची ओढ आणि दोन मिनिटे! भाईजानांनी दोन दिवस गाडीत पाठ केलेली वाक्ये होती, त्यातले एकही आठवले नाही. सलाम करायचा की नमस्कार, यातच हात अर्धवट वर राहिला. अनुपमजींनी 'प्रतिशोध की ज्वाला' हातात घेतला, मुखपृष्ठ उलटले आणि आतली निळ्या बॉलपेनची चित्रे दिसली. भाईजान घाईने पान उलटायला पुढे झाले. पण त्यांनी चित्रे पाहिली, भाईजानांकडे पाहिले, हसले, आणि सही तिथेच केली, त्या सहा बोटांच्या हाताखाली. वर चिठ्ठीवरचे नाव. पुतणी मागे उभी होती. तिने काढायचा म्हणून फोन हातात धरला होता, पण फोटो काढायचा राहून गेला. आम्हीही काढला नाही. त्यामुळे या भेटीचा पुरावा म्हणाल तर ते एक पान.

बाकी नऊ पुस्तकांवर भराभर सह्या झाल्या आणि आम्ही बाजूला झालो.

परत जाताना मेट्रोला गर्दी होती. बसायला जागा फक्त दोन, त्या भाईजानांना आणि मुलाच्या अम्मींना दिल्या. पेटी भाईजानांच्या पायाशी. रात्री झाकिर नगरमध्ये कबाब-रोटी खाऊन खोलीवर आलो तेव्हा पुतणीने संकोचत आपली वही काढली. वर्गातल्या कामासाठी तिने सोळा पानांचे कॉमिक केले होते. गोष्ट मिरजेचीच. सतार बनवणाऱ्या घरातली एक मुलगी, भोपळे वाळवायच्या गच्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहते. भोपळ्यांच्या रांगा, शमना मीरांच्या दर्ग्याचा घुमट, उरुसातली गर्दी, सगळे ओळखीचे. चित्रे हातची होती. संवाद मात्र कॉम्प्युटरवर छापून चिकटवलेले.

भाईजान चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेले. मग परत पहिल्या पानावर आले. आम्ही चहा घेऊन शांत बसलो होतो. मुलाला काही बोलायचे होते, त्याच्या अम्मींनी त्याला डोळ्याने दाबले.

"अक्षर कुठून आणलंस हे?" त्यांनी विचारले.

"फॉन्ट आहे, अब्बू. सगळे हाच वापरतात."

"'ळ' बघ. पोटात हवा नाही. आणि माणूस ओरडतोय, तरी अक्षर तेवढंच?" त्यांनी बोटाने एक फुगा मोजल्यासारखा केला. "ओरडताना अक्षर जाड पाहिजे. कुजबुजताना बारीक."

"मला तसं येत नाही," पुतणी म्हणाली.

भाईजानांनी चष्मा काढला, कुर्त्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

"असे फुगे एकूण किती आहेत?"

"एकशे बारा."

"गाडी परवा आहे ना?" त्यांनी आमच्याकडे पाहून विचारले. आम्ही हो म्हणालो. "मग ब्रश कुठला आहे तुझ्याकडे, तो दाखव. दोन नंबरचा असेल तर बरं."

दोन नंबरचा नव्हता. आमच्या मुलाला स्वेटर चढवून शेजारच्या मैत्रिणीकडे पिटाळले.